डंपिंग ट्रॉलीचा होज: आर्वी-पुलगावकडच्या दुकानांतलं काम

होज म्हणजे ट्रॉली उचलणाऱ्या तेलाचा रबरी पाइप. दुकानवाले त्याच्या टोकाला मशीनवर फिटिंग क्रिम्प करून (दाबून आवळून) देतात, ते पक्कं बसतं. मधोमध क्लॅम्प मारून जोडलेला तुकडा मात्र घेऊच नका, दाबाखाली निसटतोच. अर्धा इंची सिंगल-वायर (आत तारेच्या जाळीचा एक थर) होजची दाबाची मर्यादा 160 बार, डबल-वायरची (दोन थर) 275. ट्रॅक्टरचा दाब 150 ते 200 बारपर्यंत जातो. सिंगल दाखवून “चालते ना जी” म्हटलं तरी डबलच मागा. माप ट्रॉली पूर्ण उचललेली धरून घ्या, वळणाची त्रिज्या 18 सेंमीपेक्षा कमी नको. सफाईत ही दुकानं कच्ची: कापल्यावर आत राहिलेला रबराचा भुगा हवा मारून काढायला लावा, नाहीतर व्हॉल्व्ह अडकतो. खोलण्याआधी ट्रॉली खाली, इंजिन बंद, लिव्हर हलवून दाब सोडलेला. गळती पुठ्ठ्यानं शोधा, हातानं नाही. तेलाची बारीक धार थेट कातडीत घुसते.