‘लेक टच, तोरणा व्ह्यू’ प्लॉटची साइट व्हिजिट: फोटो सप्टेंबरचे, आम्ही गेलो मे महिन्यात

पुण्याजवळ पानशेत धरणाच्या बॅकवॉटरला प्लॉट, फ्री साइट व्हिजिट, एसी बस, जेवण आमच्याकडून, अशी जाहिरात इन्स्टावर बरेच दिवस मागे लागली होती. मेव्हण्याला सेकंड होमचं वेड आहे म्हणून त्याच्यासोबत जाऊन आलो. कंपनीचं नाव टाकत नाहीये, एकाचं टाकून उपयोग नाही, मुळशी-पवना-पानशेत या सगळ्या पट्ट्यात ब्रोशर थोड्याफार फरकाने सारखीच असतात. रेटिंग आधीच देतो, पाचात दोन. बस वेळेवर आली, ड्रायव्हर सभ्य होता, आणि जेवण एक नंबर, चुलीवरचं पिठलं, तांदळाची भाकरी, खर्डा, वर आग्रह करून वाढत होते. दोन स्टार त्याचेच.

आता फोटो. मी स्वतः हौशी फोटोग्राफर आहे, सह्याद्रीत बऱ्यापैकी फिरतो, त्यामुळे बसमध्ये ब्रोशर हातात आलं तेव्हा मजकूर सोडून आधी फोटोच बघत बसलो. फोटो सुंदर आहेत, नाकारत नाही. हिरवेगार डोंगर, वर निळं आकाश, पांढरे ढग, खाली काठोकाठ पाणी, आणि एक जोडपं वाफाळता कप घेऊन डेकवर बसलंय. पण हा नजारा वर्षातून किती दिवस असतो? जुलै-ऑगस्टमध्ये हिरवळ असते पण आकाश दिसतच नाही, नुसतं धुकं आणि झड. दिवाळीनंतर गवत पिवळं पडायला लागतं, फेब्रुवारी-मार्चमध्ये वणवे लागून उतार काळे होतात. हिरवं गवत, निळं आकाश आणि भरलेलं धरण हे तिन्ही एकत्र फार तर सप्टेंबरच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. म्हणजे बावन्न आठवड्यांतले दोन-तीन आठवडे कॅमेऱ्यात पकडायचे आणि बाकीचे गिऱ्हाइकाच्या गळ्यात बांधायचे. फोटो खोटा नाही हो, हीच तर गंमत आहे.

आम्ही पोचलो तेव्हा ‘लेक’ खाली कुठेतरी लांब होता. मध्ये भेगाळलेला गाळ, त्यात जुन्या झाडांची खोडं, एका बाजूला कुणीतरी गाळपेर (पाणी उतरल्यावर उघड्या पडलेल्या गाळात पेरणी) केलेली तेवढी हिरवी पट्टी, तिथे भाजी लावली होती, आणि म्हशी. खरं सांगू तर मला ते दृश्य आवडलं, पण ब्रोशरमध्ये ते नाही. सेल्सवाला म्हणाला, “सर, आत्ता उन्हाळा आहे ना, पावसाळ्यानंतर या, इथपर्यंत पाणी असतं.” बरोबरच आहे, असतं. पण का नसतं तेही सांगा ना. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ही चार धरणं मिळून साधारण २९ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी, त्यावर बहुतेक पुणे पाणी पितं आणि वरून दौंड-इंदापूरकडे शेतीची आवर्तनं सुटतात. पानशेत हे साठ्याचं धरण आहे, ते उन्हाळ्यात उतरणारच, त्यासाठीच बांधलंय. आणि भरल्यावर पाणी जिथपर्यंत येतं ती जमीन धरणासाठी संपादित झालेली सरकारी जमीन असते, तुमच्या प्लॉटची हद्द तिच्या अलीकडेच संपते. ‘टच’ कोण कोणाला करतंय देव जाणे.

मग ड्रोनचा फोटो. त्यात प्लॉटच्या पांढऱ्या रेघा आखलेल्या, मागे पाणी, पलीकडे डोंगर, बघितलं की बोट ठेवून ‘हा आपला’ म्हणावंसं वाटतं. मेव्हण्याने तेच केलं. हा फोटो जमिनीपासून शे-सव्वाशे फुटांवरून तरी घेतलेला असणार, आणि तुम्ही बांधणार फार तर ग्राउंड प्लस वन. त्या प्लॉटवर प्रत्यक्ष उभं राहिलं तर समोर दुसऱ्या प्लॉटचं पत्र्याचं कंपाउंड आणि त्यावरून पाण्याची एक पातळ रेघ. हाय टेन्शनचा टॉवर तर मागेच होता, ड्रोन अशा बाजूने उडवलाय की तो पायलटच्या पाठीमागे राहील.

आता माझा आवडता, मुखपृष्ठावरचा. डेक, पाणी, मागे अंगावर येईल एवढा मोठा तोरणा आणि त्याच्या मागे मावळणारा नारिंगी सूर्य. तोरणा १४०३ मीटर उंच आहे, पण इथून हवेतलं अंतरच दहाएक किलोमीटर, मधल्या डोंगराच्या धारेवरून फक्त माथा डोकावतो, तोही हवा स्वच्छ असेल तर. लांबची लेन्स लावून दूर उभं राहिलं की पुढचं-मागचं एकमेकांना चिकटतं, डोंगर अंगणात आल्यासारखा दिसतो. तेवढं चालतं, आम्ही पण करतो. पण सूर्य? तोरणा या जागेपासून दक्षिणेला येतो. सूर्य आपल्याकडे पश्चिमेला मावळतो, अगदी डिसेंबरात सरकला तरी नैऋत्येच्या अलीकडेच राहतो, दक्षिणेला मावळायचा प्रश्नच नाही. नीट पाहिलं तर डेकवरच्या खुर्चीची सावली आडवी डावीकडे पडलीये, सूर्य समोर असता तर ती आपल्याकडे आली असती. म्हणजे आकाश दुसरीकडचं आणून चिकटवलंय. फोटोशॉपमध्ये २०२० पासून हे एका क्लिकवर होतं. सेल्सवाल्याला विचारलं तर तो हसला आणि म्हणाला, “सर, ते डिझायनरने केलंय.”

आणि मजा बघा, शब्दांत यांनी जवळजवळ काहीच कबूल केलेलं नाही. ‘निसर्गाच्या कुशीत’, ‘शहरापासून दूर, मनाच्या जवळ’ असलं काहीतरी, आणि शेवटच्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरात ‘छायाचित्रे प्रातिनिधिक’. जे लिहिलं असतं तर अंगाशी आलं असतं ते सगळं फोटोकडून बोलून घेतलंय. रेरा म्हणजे घर-प्लॉट प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याच्या कलम १२ मध्ये जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून नुकसान झालं तर भरपाई मागता येते, पण सूर्यास्ताची भरपाई कशी मागणार? त्यापेक्षा प्रकल्पाचा रेरा नोंदणी क्रमांक बघा. १ ऑगस्ट २०२३ पासून महारेराने नोंदणीकृत प्रकल्पाच्या जाहिरातीत क्यूआर कोड सक्तीचा केलाय. या ब्रोशरवर एक क्यूआर होता, स्कॅन केला तर यूट्यूबवर ड्रोनचा व्हिडिओ उघडला 😄 विचारल्यावर उत्तर आलं की ही ‘फार्म प्लॉट स्कीम’ आहे, आणि शेतकरी नसाल तर ‘ते आपण करून देऊ’. इथे माझ्यापुरता विषय संपला.

असे फोटो फक्त विकायलाच वापरतात असंही नाही. ऑस्ट्रेलियात टास्मानियाच्या फ्रँकलिन नदीवर धरण होणार होतं, तेव्हा पीटर डोम्ब्रोव्स्कीस या फोटोग्राफरचा त्या नदीच्या धुक्यातल्या वळणाचा फोटो १९८३ च्या निवडणुकीत धरणाविरुद्धच्या जाहिरातीत छापला. ती नदी ज्यांनी आयुष्यात कधी बघितली नव्हती अशा लोकांना तो फोटो दाखवला, सरकार बदललं, आणि त्याच वर्षी कोर्टाच्या निकालानंतर धरण थांबलं. त्यानेही क्षण निवडलाच होता, धुकं काय रोज सांगितल्यासारखं येत नाही. पण नदी तिथलीच, धुकंही तिथलंच.

कुणी जाणार असेल तर जाण्याआधी गुगल अर्थवर जागा शोधा आणि जुन्या तारखांच्या इमेज बघा, एप्रिल-मेची एखादी बहुधा सापडते, पाणी कुठे असतं ते घरबसल्या कळतं. कंपास अ‍ॅप घेऊन जा. प्लॉटवर उकिडवं बसून मोबाईलने साधा फोटो काढा, झूम न करता, कारण पुढे डेकच्या खुर्चीत बसून डोळे तेवढ्याच उंचीवर येणार आहेत. आणि चारही बाजूंनी काढा, ब्रोशरने पाठ फिरवलेली बाजू आधी.

टोकनसाठी बसमध्ये परत येताना बराच आग्रह झाला, ‘आजच्या आज केलं तर’ वगैरे नेहमीचं. आम्ही दिलं नाही. मेव्हणा मात्र अजून पूर्ण बाहेर आलेला नाही, त्याला कंपनीने परत एक फ्री व्हिजिट दिलीये, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात.