सँपल खरं होतं

इन्स्ट्रुमेंटेशनच्या, म्हणजे कारखान्यातल्या मोजमापाच्या उपकरणांच्या, कामात मला एकोणीस वर्षं झाली. भांडुपला आमचं छोटं वर्कशॉप आहे. मी, दोन तंत्रज्ञ आणि हिशेब बघणारी एक मुलगी, एवढाच पसारा. ट्रान्समीटर (मोजून आकडा पाठवणारं उपकरण) कॅलिब्रेट करणं, लूप (उपकरण ते कंट्रोल रूम ही तारांची जोडणी) तपासणं, पॅनेल बांधणं ही रोजची कामं. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये मी ट्रान्समीटरची माहिती बिनतारी पाठवणारे १४ वायरलेस हार्ट ॲडॉप्टर घेतले आणि त्यात ६ लाख ७७ हजार ३२० रुपये बुडाले. लिहिताना अजून पोटात गोळा येतो. पण शटडाऊनच्या, म्हणजे प्लांट बंद ठेवून करायच्या कामांच्या, घाईत याच वाटेनं जाणारे मुंबईत, ठाण्यात, तळोज्यात बरेच असतील, म्हणून काहीही न लपवता लिहिते.

काम माहुलच्या बाजूला एका टँक टर्मिनलवर होतं. टाक्यांवर रडार लेव्हल ट्रान्समीटर आहेत, चांगले चालतात. पण कंट्रोल रूममधली कार्डं जुनी, ती फक्त ४ ते २० मिलिअँपचा करंट वाचतात. टाकीत पातळी किती, एवढंच त्यांना कळतं. रडारचा इको कमजोर झालाय का, अँटेनावर थर बसलाय का, हे ट्रान्समीटर सांगत असतो, पण ते ऐकणारं पलीकडे कोणी नसतं. ही सगळी माहिती त्याच दोन तारांवर हार्ट या संवाद-पद्धतीच्या १२०० आणि २२०० हर्ट्झच्या सिग्नलमधून चाललेली असते. नवी केबल टाकावी तर ट्रेंच पावसाळ्यात पाण्यानं भरलेल्या, आणि त्या आवारात खोदकामाची परवानगी मिळवायची म्हणजे महिने जातात. अशा ठिकाणी वायरलेस ॲडॉप्टर अगदी चपखल बसतो. ट्रान्समीटरच्या मोकळ्या केबल एंट्रीत आट्यांनी बसवायचा, लूपला जोडायचा, की तो हार्टची माहिती उचलून २.४ गिगाहर्ट्झवर गेटवेकडे, म्हणजे ही माहिती गोळा करणाऱ्या पेटीकडे, पाठवतो. वायरलेस हार्ट २००७ मध्ये आलं, २०१० मध्ये ते आयईसी ६२५९१ म्हणून आंतरराष्ट्रीय मानक झालं. उपकरणं एकमेकांमार्फत निरोप पुढे ढकलतात, त्यामुळे मध्ये टाकी आडवी आली तरी दुसरी वाट सापडते. तंत्रज्ञानावर माझा तेव्हाही विश्वास होता, आजही आहे.

कंपनीच्या अधिकृत वितरकानं दहा ते बारा आठवडे सांगितले. शटडाऊन पाच आठवड्यांवर. तेव्हा ओळखीतल्या एकानं मुंबईत विजेच्या सामानाचा बाजार आहे त्या लोहार चाळीजवळच्या एका व्यापाऱ्याचा नंबर दिला. त्या भागातून मी वर्षानुवर्षं ग्लँड, लग्ज, केबल घेते, तिथल्या दुकानदारांनी मला कधी वाईट माल दिलेला नाही, हे आधीच सांगते. हा माणूस मात्र तिथला जुना नव्हता. दुसऱ्या मजल्यावर भाड्याची खोली, काचेचं टेबल, मागे ओळीनं मांडलेली खोकी. आखातातला एक प्रोजेक्ट रद्द झाला, त्याचा न उघडलेला माल आहे, म्हणाला. भाव ४१ हजाराला एक. वितरकाचा भाव याच्या दीडपटीहून जास्त होता.

भाव ऐकून मला शंका आली. ती मी बोलूनही दाखवली. तो लगेच म्हणाला, "ताई, तुम्ही एक पीस घेऊन जा. पैसे नकोत. वर्कशॉपला लावा, आठ दिवस चालवा, मगच बोला." तिथपर्यंत मी त्याच्यासाठी मॅडम होते, त्या वाक्यापासून ताई झाले.

तो पीस आम्ही आठ दिवस चालवला. गेटवेला लगेच जॉइन झाला, अपडेट एकही चुकला नाही. कम्युनिकेटर, म्हणजे उपकरणाशी हार्टवर बोलणारं हातातलं यंत्र, लावून सगळं वाचलं, नेमप्लेटवरचा आयडी आणि आतला आयडी जुळला. आमचे काका, म्हणजे आमच्याकडचे सर्वांत जुने तंत्रज्ञ, त्यांनी झाकण उघडून ओ-रिंगवर बोट फिरवलं आणि म्हणाले, "माल कोरा आहे." तो खरंच कोरा होता. माझी चूक इथेच झाली. मी एक पीस तपासला आणि चौदांची ऑर्डर दिली.

निम्मी रक्कम आगाऊ आणि निम्मी माल निघताना, असं ठरलं. तो माल दोनदा लांबला. एकदा कस्टम्सचं कारण, एकदा घरातलं दुखणं. आता वाटतं, ते लांबवणं मोजूनमापून केलेलं होतं. खोकी शनिवारी संध्याकाळी सात वाजता हातात आली आणि सोमवारी सकाळी सहाला शटडाऊन सुरू. उरलेले पैसे मी त्याच दुपारी सीलबंद खोक्यांचे फोटो बघून आरटीजीएसनं पाठवले होते. रविवारी आम्ही खोकी उघडली, मोजली, कागद फाइलला लावले. बेंचवर लावायला वेळ उरला नाही.

सोमवारी टाक्यांवर चढून बसवायला सुरुवात केली. नेटवर्क आयडी टाकला, जॉइन की, म्हणजे नेटवर्कचा पासवर्ड, टाकली. संध्याकाळपर्यंत नऊ जॉइन झाले, पाच झाले नाहीत. नव्या मालात एखादा हट्टी निघतो, पाच निघत नाहीत. मी त्यातला एक खाली मागवला आणि कम्युनिकेटर जोडला.

हार्टच्या प्रत्येक उपकरणात काही जागा माणसानं भरायच्या असतात. आठ अक्षरांचा टॅग, सोळा अक्षरांचं वर्णन, एक तारीख. नव्या मालात त्या कोऱ्या असतात किंवा कारखान्यानं भरलेलं काहीतरी असतं. इथे टॅग पुसलेला होता. वर्णनात लिहिलेलं होतं, 'क्रूड चार्ज पंप'. तारीख २०१३ ची. आमच्या टर्मिनलवर क्रूड चार्ज पंप नाही. कच्चं तेल आत ढकलणारा हा पंप रिफायनरीत असतो. कुठल्यातरी रिफायनरीत पंपाशेजारी वर्षानुवर्षं बसलेलं, मग भंगारात निघालेलं उपकरण माझ्या हातात होतं, आणि पुसणाऱ्याची एक जागा राहून गेली होती.

मग डिव्हाइस आयडी वाचला. हा आकडा इलेक्ट्रॉनिक्समध्ये कारखान्यातच घातलेला असतो, वापरणाऱ्याला तो बदलता येत नाही, आणि या मेकमध्ये तो नेमप्लेटवरही छापलेला असतो. नेमप्लेटवरचे चौदा आकडे एकापुढे एक, ओळीनं. आतून वाचलेले आकडे कुठेच्या कुठे. गेटवेच्या यादीत आतलेच आकडे दिसतात, म्हणजे जॉइन झालेले नऊसुद्धा आम्ही कागदाशी ताडून पाहिले असते तर दुपारीच कळलं असतं.

काकांनी टॉर्च धरला आणि आटे दाखवले. आट्यांच्या शेवटच्या फेरीत टेफ्लॉन टेपचा पिवळट, मळलेला तुकडा अडकला होता. कारखान्यातून येणाऱ्या उपकरणाला कोणी टेप लावत नाही. चकचकीत फॉइलची नेमप्लेट नखानं उचलली तर खाली जुन्या प्लेटचा चौकोन पुसट दिसत होता. झाकणाच्या आत बोर्डाजवळ पुन्हा डाग दिल्याची, म्हणजे सोल्डर केल्याची, खूण होती.

तिथे माझे हात गार पडले. पैशाचा विचार त्या क्षणी मनात नव्हता. ही जागा पेट्रोलियमच्या वाफांची आहे. इथे बसणारं उपकरण इंट्रिन्सिकली सेफ असावं लागतं, म्हणजे आत बिघाड झाला तरी ठिणगीला पुरेल एवढी ऊर्जा बाहेर पडता कामा नये. आपल्याकडे त्यासाठी पेसोची, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षेचं बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेची, मान्यता लागते. कोणीतरी टेबलावर बसून त्या बोर्डाला डाग दिला की त्या मान्यतेला काही अर्थ उरत नाही. आणि ती नऊ उपकरणं तोपर्यंत टाक्यांवर चालू होती.

मी क्लायंटच्या इन्स्ट्रुमेंट प्रमुखांना फोन केला आणि आहे ते सांगितलं. रात्री साडेनऊपर्यंत सगळी उतरवली. ते एवढंच म्हणाले, "तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत." ते काम पुढे वितरकाकडून खरा माल आल्यावर, जूनमध्ये, पावसात पूर्ण झालं. तोपर्यंत त्यांची माणसं टाक्यांवर चढून हातानं डिप घेऊन, म्हणजे टेप सोडून पातळी मोजून, आकडे ताडत होती. त्याची मला अजून लाज वाटते.

नंतर एकेक गोष्ट उलगडत गेली. कंपनीच्या भारतातल्या कार्यालयाला मी चौदाही नेमप्लेटचे फोटो पाठवले. उत्तर दोन दिवसांत आलं, ते अनुक्रमांक त्यांनी बनवलेलेच नव्हते. हा ईमेल ऑर्डर देण्याआधी करता आला असता, फुकट. धोकादायक क्षेत्राच्या प्रमाणपत्राचा क्रमांक खरा निघाला, पण वेगळ्या मॉडेलचा. वायरलेस उपकरणाला दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची ईटीए नावाची मान्यता लागते. व्यापाऱ्यानं दिलेल्या तिच्या कागदावर मॉडेलच्या नावातलं एक अक्षर आमच्या मॉडेलपेक्षा निराळं होतं. मी कागद आहे की नाही एवढं पाहिलं होतं, अक्षर न् अक्षर वाचलं नव्हतं.

बॅटरीबद्दल मुद्दाम सांगते, कारण इथे अनुभवी माणूसही चकतो. या ॲडॉप्टरमध्ये लिथियम थायोनिल क्लोराइडचा ३.६ व्होल्टचा सेल असतो. त्याचा व्होल्टेज आयुष्यभर जवळजवळ सपाट राहतो आणि शेवटी एकदम कोसळतो. म्हणून मल्टिमीटरवर ३.६ दिसले याचा अर्थ सेल नवा आहे असा होत नाही. आमच्या पाच 'हट्टी' उपकरणांचे सेल संपत आलेले होते, वर नवं आवरण चढवलेलं. मीटरवर ठीक, रेडिओनं जोरात करंट मागितला की बसायचे. सेलवरचा तारखेचा कोड बघा, आणि उपकरणाच्या प्रमाणपत्रात ज्या बॅटरीचं नाव आहे तीच आत आहे का हे बघा. धोकादायक क्षेत्रात बॅटरी हाही मान्यतेचा भाग असतो.

जीएसटीचा फटका वेगळाच. बिलावर १ लाख ३ हजार ३२० रुपये कर होता. पुढच्या महिन्याच्या १४ तारखेला आमच्या हिशेब बघणाऱ्या मुलीनं २बी, म्हणजे खरेदीची बिलं दाखवणारं जीएसटीचं विवरण, उघडलं तर त्यात हे बिलच नाही. व्यापाऱ्यानं त्याचं विवरण भरलंच नव्हतं, त्यामुळे आम्हाला त्या कराचं क्रेडिट नाही. मग पोर्टलवर त्याचा जीएसटी क्रमांक टाकून पाहिला. नोंदणी पाच महिन्यांपूर्वीची. पोर्टलवर हे कोणालाही, लॉगिन न करता दिसतं. मी ते पाहायला एक मिनिट दिलं नव्हतं.

बँकेनं सांगितलं, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, माल पोहोचलाय, आम्ही काही थांबवू शकत नाही. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, पण तोवर तीन दिवस उलटले होते आणि खातं रिकामं होतं. पोलीस ठाण्यात पहिल्यांदा ऐकलं, की हा व्यवहारातला वाद आहे, दिवाणीत जा. दुसऱ्यांदा गेले तेव्हा कंपनीचं पत्र, आतल्या आणि बाहेरच्या आयडींचा तक्ता आणि व्हॉट्सॲपवरची "न उघडलेला माल" ही त्याची वाक्यं छापून नेली. तेव्हा अर्ज नीट घेतला गेला. भारतीय न्याय संहितेतलं फसवणुकीचं कलम ३१८ आहे, ते अर्जात लिहिलं. कोणी या पायरीवर असेल तर उपकरणं दुरुस्त करू नका, खोकी फेकू नका, कम्युनिकेटरच्या स्क्रीनचे फोटो तारखेसह काढून ठेवा. चौकशी चालू आहे. दुसऱ्या मजल्यावरची ती खोली आता दुसऱ्या कोणाकडे आहे.

आता माझ्याकडे येणारा प्रत्येक पीस बेंचवर चढतो. वितरकाकडून आला तरी. आयडी वाचायचा, नेमप्लेटशी ताडायचा, वर्णन आणि तारखेची जागा बघायची, आटे बघायचे. काका एका पीसला सात-आठ मिनिटं लावतात. चौदांना दोन तास पुरले असते. पैशाचा शेवटचा हप्ता या तपासणीनंतरच, हे मी ऑर्डरवर लिहून देते. दोन व्यापाऱ्यांनी त्यावरून माल द्यायला नकार दिला. त्यांना मी पुन्हा विचारलं नाही.

ते चौदा ॲडॉप्टर वर्कशॉपच्या लोखंडी कपाटात आहेत, पुरावा म्हणून. दिवाळीनंतर एका अनोळखी माणसाचा फोन आला. ताई, तुमच्याकडे चौदा पीस पडून आहेत असं कळलं, आहेत तसे उचलतो, नऊ हजाराला एक. मी नंबर लिहून घेतला आणि पोलिसांकडच्या अर्जाला जोडला. त्याच संध्याकाळी काकांनी चौदाही पिसांचे सगळ्या बाजूंनी फोटो काढले, आणि मग नेमप्लेटला धक्का न लावता प्रत्येकाच्या अंगावर लाल ऑइल पेंटचा जाड पट्टा ओढला.