मागच्या चाकातली ब्रेक ऑइलची गळती: व्हील सिलिंडर बदलल्यानंतरचा अनुभव

पावसाळा गेला, नवरात्रही झाली, आता या दुरुस्तीबद्दल खात्रीने लिहिता येईल. आमच्या जुन्या हॅचबॅकचे मागचे दोन्ही व्हील सिलिंडर (ऑइलच्या दाबाने ब्रेक शू बाहेर ढकलणारे छोटे सिलिंडर) आणि ब्रेक शू (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे) नवे टाकले, सगळं ब्रेक ऑइल बदललं. तेव्हापासून टाकीतली पातळी खुणेवरच आहे आणि चाकांची आतली बाजू कोरडी ठणठणीत.

सुरुवात लाल दिव्याने झाली. बडोद्यात काळा घोडा सर्कलला गाडी वळवली की हँडब्रेकचा दिवा लुकलुकायचा आणि सरळ रस्त्याला लागलं की विझायचा. ऑइल कमी झालं की वळणावर ते एका बाजूला जातं आणि सेन्सर उघडा पडतो. पुढचे पॅड झिजले तरी पातळी थोडी उतरते, म्हणून आधी पॅड पाहिले. ते चांगले जाड होते. म्हणजे ऑइल कुठूनतरी बाहेर जात होतं, आणि अशा वेळी नुसतं वरून ऑइल भरत राहणं धोक्याचं.

रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवला. सकाळी डाव्या मागच्या चाकाखाली फिकट पिवळसर डाग होता. बोटाला बुळबुळीत, पण इंजिन ऑइलपेक्षा पातळ. वाटीभर पाण्यात थेंब टाकला तर विरघळून गेला; इंजिन ऑइल असतं तर वर तरंगलं असतं. एसीचं पाणी नुसतं पाणीच असतं, त्याला बुळबुळीतपणा नसतो.

प्रतापनगरच्या मिस्त्रींनी ड्रम काढला आणि सिलिंडरच्या टोकाचं रबरी बूट स्क्रू ड्रायव्हरने जरासं उचललं, तशी आतून धारच लागली. ते म्हणाले, "किट नाखी दो, चालशे." म्हणजे किट टाका, चालेल. किट म्हणजे फक्त आतली रबरं. मी सिलिंडर उघडून दाखवायला सांगितलं. टॉर्चच्या उजेडात आतल्या भिंतीवर गंजाचे खड्डे स्पष्ट दिसत होते, नख फिरवलं की अडकत होतं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, त्या पाण्याने आतून गंज धरतो, आणि अशा खडबडीत भिंतीवर नवं रबर घासून पुन्हा फाटणार. ते पाहिल्यावर मिस्त्रींनाही पटलं. दुसऱ्या बाजूचा सिलिंडर तितक्याच वयाचा, म्हणून दोन्ही बदलले. ऑइल प्यायलेले शू धुऊन पुन्हा बसवू दिले नाहीत. ते कितीही पुसले तरी पकड येत नाही, आणि शू जोडीनेच बदलायचे असतात. किटपेक्षा खर्च बराच जास्त झाला, पण माझ्या मते ब्रेकमध्ये काटकसर करूच नये.

ऑइल डॉट ४ प्रतीचं घेतलं, सीलबंद डब्यातलं. आमच्या गाडीला डॉट ३ आणि डॉट ४ दोन्ही चालतात. कोरडं असताना डॉट ३ किमान २०५ अंशांना उकळतं आणि डॉट ४ २३० अंशांना. ओलावा शोषल्यावर हेच आकडे १४० आणि १५५ वर येतात. उतारावर सतत ब्रेक दाबून ऑइल तापतं आणि उकळलं तर पेडल मऊ पडतं, म्हणून पावागडाच्या डोंगरावर माचीवरून उतरताना हा फरक कामाला येतो. गर्दीत पूर्ण उतार खालच्या गिअरमध्ये आणि थांबत थांबत उतरलो, पेडल शेवटपर्यंत घट्ट राहिलं. ऑइल बदलल्यावर ब्रेकच्या पाइपांतली हवा काढताना ऑइलची टाकी रिकामी होऊ देऊ नका, नाहीतर सगळं पहिल्यापासून करावं लागतं. रंगावर ऑइल सांडलं तर लगेच पाणी ओता, ते रंग खातं.

तक्रारी दोनच. नवे शू बसेपर्यंत हँडब्रेक सैल वाटायचा, नंतर तो पुन्हा आवळून घ्यावा लागला. आणि ब्लीडर निप्पलची (हवा काढायच्या तोंडाची) रबरी टोपी बसवायची राहून गेली होती. चिखलाने निप्पल गंजू नये म्हणून ती मागून लावून घेतली.

एक जागा बहुतेक जण तपासत नाहीत. पातळी उतरतेय पण चारही चाकं आणि पाइप कोरडे असतील, तर मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ऑइलवर दाब आणणारा मुख्य सिलिंडर) जिथे बूस्टरला (पेडलच्या जोरात भर घालणाऱ्या डब्याला) जोडलेला असतो तिथे हात लावून पाहा. तिथली गळती बूस्टरच्या आत जाते, जमिनीवर थेंबही पडत नाही. पेडल दाबून धरल्यावर हळूहळू खाली जात असेल आणि पातळी मात्र तीच असेल, तर मास्टर सिलिंडरची आतली रबरं गेली असण्याची शक्यता जास्त. दोन्ही बाबतींत गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, टोइंग करून न्या.

पुढच्या सर्व्हिसला मी पुढचे होज पाइप बदलणार आहे. वाकवल्यावर त्यांच्या रबरावर बारीक भेगा दिसायला लागल्या आहेत.