ट्रिमला ब्रश फिनिश: हाताने की मशीनने?

जुन्या गाडीच्या ट्रिमला, म्हणजे बाहेरच्या शोभेच्या धातूच्या पट्ट्यांना, ब्रश फिनिश (एकाच दिशेच्या बारीक रेघांचा मंद पोत) शोभत नाही म्हणणाऱ्यांना 1957 ची कॅडिलॅक एल्डोराडो ब्रोअम दाखवा. तिचं अख्खं छप्पर ब्रश केलेल्या स्टेनलेस स्टीलचं होतं! म्हणजे शोभतं. फक्त हात लावण्याआधी पट्टी कोणत्या धातूची आहे ते पाहा.

क्रोम असेल तर हात आणि मशीन दोन्ही बाद. शोभेच्या क्रोमचा थर एका मायक्रॉनहूनही पातळ असतो. घासला की खालचं पिवळसर निकेल डोकावतं आणि काही महिन्यांत गंज. हौस असेल तर प्लेटिंगवाल्याकडून सॅटिन क्रोम (मंद चमकेचं क्रोम) करून घ्या. ओळखायला चुंबक कामाचा नाही, कारण ट्रिममध्ये वापरलं जाणारं 430 ग्रेडचं स्टेनलेसही त्याला चिकटतं. पट्टी उतरवून पाठ बघा. स्टेनलेस दोन्हीकडून सारखंच दिसतं, क्रोमच्या पाठीवर बहुधा गंजाचे डाग असतात.

स्टेनलेसवर माझं मत हाताच्या बाजूने आहे. मरून रंगाचं स्कॉच-ब्राइट (खरखरीत घासणी), शेजारी टेकवलेली सरळ फूटपट्टी, आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न थांबता एकाच दिशेने ओढायचं. मध्येच थांबलात तर तिथे आडवा डाग उठतो, आणि तो काढायला पुन्हा सगळी पट्टी. गोल गोल तर मुळीच फिरवू नका. लांब पट्टीला अर्धा दिवस जातो, खांदाही भरून येतो, पण रेघा सरळ येतात.

ड्रिलला फ्लॅप व्हील (सँडपेपरच्या पाकळ्यांचं चाक) लावलं की तेच काम लवकर उरकतं. खोल ओरखडे काढायला ते उत्तमच. मात्र चाक जरा एका जागी रेंगाळलं की पातळ पत्रा तापतो, खळगा पडतो; शिवाय रेघांचा पोत जागोजागी बदलतो. म्हणून ओरखडे मशीनने, शेवटचा हात हातानेच.

स्टील वूल (बारीक पोलादी तारांचा गोळा) मात्र कुठेही नको. त्याचे लोखंडी कण धातूत रुततात आणि पहिल्या पावसात तांबूस ठिपके उमटतात.

अ‍ॅल्युमिनियम मऊ, त्याला हलका हात पुरतो. अ‍ॅनोडाइज केलेलं (विजेच्या प्रक्रियेने वर कडक ऑक्साइडचा थर चढवलेलं) असेल तर तो थर आधी उतरवावा लागतो, आणि घासून झाल्यावर पुन्हा अ‍ॅनोडाइज किंवा क्लिअर लॅकर. मुंबई-कोकणच्या खाऱ्या हवेत उघडं अ‍ॅल्युमिनियम लवकरच पांढुरकं पडतं. स्टेनलेसला यातलं काहीच लागत नाही.