आयर्न फॉस्फेटच्या गोळ्या: स्लगवर (बिनशंखाच्या गोगलगायींवर) मस्त, अंड्यांवर काहीच नाही

कुंडी सरकवली तर खाली ओल्या मातीत काचेच्या मण्यांसारखा पांढरट पुंजका, तीसेक तरी असतील, आधी वाटलं स्लो रिलीज खताचे दाणे आहेत पण ते कडक आणि सुटे असतात, हे मऊ आणि एकमेकांना चिकटलेले, म्हणजे स्लगचीच अंडी. म्हणून या गोळ्या घेतल्या.

मोठ्या स्लगवर काम खरंच छान होतं, गोळी खाल्ली की पानं कुरतडणं थांबतं आणि ३ ते ६ दिवसांत मरतात. मेलेल्या फारशा दिसत नाहीत कारण आडोशाला जाऊन मरतात, त्यामुळे गोळ्या फेल गेल्या असं समजू नका.

पण अंड्यांवर शून्य परिणाम! हे पाकिटावर ठळक लिहायलाच हवं होतं. अंडी शेवटी हाताने वेचून चिरडली, आणि मातीत राहिलेल्यांतून पिल्लं निघणारच म्हणून नंतर परत थोड्या गोळ्या टाकल्या. ढीग करू नका, विरळ पसरा. मेटाल्डिहाइडवाल्या (स्लग मारायच्याच दुसऱ्या रसायनाच्या) गोळ्या कुत्र्यांना विषारी असतात, घरात कुत्रा आहे म्हणून त्या घेतल्याच नाहीत.

माझ्याकडून ५ पैकी ४ स्टार.