ब्रिटन समजून घ्यायला आलेल्या मुलांसाठी: मँचेस्टरचं पीपल्स हिस्ट्री म्युझियम

मँचेस्टरला शिकायला आलेल्या मुलांना पहिल्या महिन्यात कुठे न्यावं, असं कुणी विचारलं की मी स्पिनिंगफील्ड्समधल्या, इरवेल नदीकाठच्या या संग्रहालयाचं नाव सांगते. परदेशातून आलेल्या विद्यार्थ्यांना मी ब्रिटिश इतिहास आणि समाज शिकवते. राजवाडे, किल्ले मुलं आपले आपण बघून येतात. पण रेल्वे कर्मचारी संपावर का जातात, कोपऱ्यावरचं को-ऑप नावाचं दुकान नेमकं कुणाच्या मालकीचं, विद्यापीठात स्टुडंट्स युनियनला एवढं महत्त्व का, हे राजवाड्यात कळत नाही. इथे कळतं.

बहुतेक मुलांची समजूत असते की या देशात मताधिकार पूर्वापार होता. म्हणून मी त्यांना आधी पीटरलूच्या हत्याकांडापाशी थांबवते. १६ ऑगस्ट १८१९ ला मँचेस्टरच्या सेंट पीटर्स फील्ड या मैदानावर साठेक हजार माणसं जमली होती, बायका पांढरे कपडे घालून आल्या होत्या. एवढ्या मोठ्या गिरणगावाला स्वतःचा एकही खासदार नव्हता, आणि गाऱ्हाणं तेच होतं. मताधिकाराची मागणी करणाऱ्या हेन्री हंट या वक्त्याचं भाषण जेमतेम सुरू झालं आणि त्या निःशस्त्र गर्दीत तलवारी उपसलेले घोडेस्वार घुसले. १५ ते १८ माणसं गेली, शेकडो जखमी झाली. मँचेस्टरला खासदार मिळाले १८३२ मध्ये, तरी कामगाराच्या हाती मत आलं नाहीच. बायकांना १९१८ मध्ये मिळालं तेही तिशीनंतर आणि मालमत्तेची अट घालून. पुरुषांच्या बरोबरीने मिळायला १९२८ उजाडलं. हे ऐकताना वर्ग गप्प होतो.

इथलं खरं वैभव म्हणजे बॅनर. कामगार संघटनांचे, खाण कामगारांचे, मताधिकारासाठी लढणाऱ्या बायकांचे. रेशमावर रंगवलेले, भिंतभर मोठे, मिरवणुकीत दोन काठ्यांवर पेलायचे. हातात हात घेतलेले दोन पंजे कितीतरी बॅनरवर दिसतात. दरवर्षी मांडणी बदलते, त्यामुळे पुन्हा जाण्यात अर्थ आहे. बॅनर दुरुस्तीची कार्यशाळा काचेतून पाहता येते, ती अजिबात चुकवू नका. जुनं रेशीम घडीवर चिरतं. ते टेबलावर सपाट पसरून, खाली आधाराचं कापड घालून, डोळ्यांना जेमतेम दिसेल अशा धाग्याने टाके घालतात. हातमागाच्या घरातून आलेली माझी एक विद्यार्थिनी त्या काचेपासून हलायलाच तयार नव्हती.

को-ऑपचा, म्हणजे सहकारी दुकानांचा, भाग मराठी मुलांना पटकन उमगतो. १८४४ मध्ये जवळच्याच रॉचडेलला विणकरांनी आणि इतर कारागिरांनी भांडवल जमवून दुकान काढलं: पीठ, साखर, लोणी, मेणबत्त्या. भेसळ नाही, माप चोख, आणि नफा सभासदांना त्यांच्या खरेदीच्या प्रमाणात परत. साखर कारखाना, दूध संघ, पतपेढी बघत वाढलेल्या मुलाला सभासद आणि लाभांश वेगळा शिकवावा लागत नाही.

इमारतीचा जुना भाग म्हणजे पाण्याच्या दाबावर शहराला शक्ती पुरवणारं पंपघर. त्या दाबावर गोदामांतले कापसाच्या गाठी बांधणारे प्रेस चालत, टाउन हॉलच्या घड्याळाला चावी बसे. मी वऱ्हाडातली. जिनिंग-प्रेसिंगच्या आवारात खेळले आहे, त्यामुळे इथे उभी राहून मी मुलांना खामगावच्या बाजाराबद्दल सांगतेच. अमेरिकेतल्या यादवी युद्धात तिकडचा कापूस थांबला, मँचेस्टरभोवतीच्या लँकेशायर परगण्यातल्या गिरण्या बंद पडल्या आणि इंग्रजांची नजर आमच्या काळ्या जमिनीवर खिळली. १८७० मध्ये खामगावपर्यंत रेल्वे आली ती कापसासाठी. ब्रिटनचा इतिहास शिकवताना हा धागा सोडला तर अर्धंच शिकवलं असं मी मानते.

प्रवेशाला तिकीट नाही. देणगी मात्र द्या, ती कामी लागते. मजकूर भरपूर आहे, इंग्रजी वाचनाचा वेग कमी असलेल्या मुलांना एका दिवसात सगळं दाखवायचा हट्ट नको. एक दालन सावकाश बघा आणि मग पायी मँचेस्टर सेंट्रल या संमेलन केंद्राजवळच्या पीटरलू स्मारकाकडे जा. गट मोठा असेल तर आधी कळवून ठेवा.