शनिवार-रविवार संभाजीनगरात: घरी राहावं, गावात फिरावं की वेरूळ गाठावं?

परभणीकडचा माझा भाचा गेल्या वर्षी वाळूजच्या एका कंपनीत लागला. बजाजनगरात तिघांनी मिळून खोली केलीय. शुक्रवारी संध्याकाळी त्याचा फोन ठरलेला. "मावशी, उद्या-परवा काय करू गं? झोप काढू, गावात येऊ, का वेरूळला जाऊ?" मी कधी काही सांगते, कधी काही, आणि तो म्हणतो, मागच्या खेपेला तर तू उलटं म्हणालीस. उलटं म्हणाले खरी. मागच्या खेपेला वैशाख होता आणि आता श्रावण आहे. म्हणून एकदा सगळं नीट मांडते. या शहरात नवीन आलेल्या आणखी कुणाला उपयोग झाला तर चांगलंच.

वाटा तीनच. घरी राहणं. शहरातल्या शहरात फिरणं. आणि तीस-चाळीस किलोमीटरच्या टापूत, म्हणजे दौलताबाद, खुलताबाद, वेरूळ, म्हैसमाळकडे जाणं. अजिंठा मी यात धरत नाही. तो शंभर किलोमीटरवर आहे, त्याला वेगळा दिवस आणि वेगळी तयारी लागते.

पण या तिन्हींच्या आधी नळ विचारात घ्यावा लागतो. आपल्याकडे पाणी रोज येत नाही, हे इथल्या प्रत्येक घराला माहीत आहे. पाण्याचा दिवस शनिवारी आला, तर तो शनिवार घरचाच. तो वाया गेला असं मात्र मला कधी वाटलं नाही. टाकी भरते, पिंपं भरतात, घागरी-कळशा भरतात, मग गोधड्या धुवायला निघतात, अंगण धुतलं जातं, तुळशीला दोन तांबे जास्त मिळतात. सगळी भांडी काठोकाठ भरली की घराला जो निवांतपणा येतो, तो बाकी कुठल्या दिवशी येत नाही. त्या दुपारी बाहेर जायचं माझ्या मनातही येत नाही.

नळानंतर ऊन. मार्चच्या मध्यापासून जून लागेपर्यंत सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच या वेळेत घर सोडून कुठलाच पर्याय मी सुचवणार नाही. पारा चाळिशी ओलांडतो आणि लेण्यांचा दगड तापून उठतो. मुलांना घेऊन भर दुपारी किल्ला चढणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि त्या लेकरांचे लालबुंद चेहरेही.

घरच्या सुट्टीचं सुख सकाळच्या न्याहारीत असतं. आमच्याकडे शनिवारी सुशीला होते. पुण्या-मुंबईकडून आलेल्यांना हे नाव ऐकून बाईचं वाटतं, म्हणून सांगते: चुरमुरे पाण्यात बुडवून लगेच पिळून घ्यायचे, फोडणीत हिरवी मिरची, कांदा, कढीपत्ता, हळद, त्यावर पिळलेले चुरमुरे आणि शेवटी डाळ्याचं कूट. पोह्यांपेक्षा हलकी, आणि दहा मिनिटांत होते. खोलीवर राहणाऱ्या पोरांना एका शेगडीवर जमेल असा याहून चांगला नाश्ता मला माहीत नाही. रविवारी धपाटे. ज्वारीचं पीठ, थोडं बेसन, थोडी कणीक, लसूण-मिरची-जिऱ्याचं वाटण, तीळ, ओवा, आणि ओल्या फडक्यावर थापून तव्यावर. सोबत कवडीचं दही आणि शेंगदाण्याची चटणी. धपाट्यांचा आणखी एक गुण असा की ते दुसऱ्या दिवशीही चांगले लागतात. त्याचा उपयोग पुढे येतोच.

दुपारी येसर आमटी आणि भात, नाहीतर चकोल्या. येसर घरचं असावं. भाजलेलं धान्य, डाळी आणि मसाल्याचं ते पीठ डब्यात असलं की घरात भाजीचं पान नसताना दुपार भागते. पूर्वी लग्नघरी येसराची आमटी असायचीच, अजून बऱ्याच ठिकाणी असते. जेवणानंतर कूलरसमोर चटई टाकून झोप. वाळ्याच्या ताट्यांवर पाणी पडलं की जो वास सुटतो, त्यासाठी मी उन्हाळ्यातला सबंध रविवार घरात काढायला तयार असते. पाच वाजता चहा, मग गच्ची. उन्हाळ्यात गच्चीवर वाळवण असतं: कुरडया, पापड, बाजरीच्या खारोड्या. अर्धवट वाळलेली खारोडी खाण्यासाठी आमच्या गल्लीतली सगळी लहान मुलं राखणदार व्हायला एका पायावर तयार असतात.

खर्च म्हणाल तर किराण्यापलीकडे काही नाही. घरच्या सुट्टीत उणीव एकच, आणि ती एकट्या माणसाला जास्त जाणवते. घर भरलेलं असेल तर दिवस कसा गेला कळत नाही, आणि खोलीवर एकटं असलं की हातात मोबाइल घेऊन संध्याकाळ होते. भाच्याला मी म्हणूनच सांगते, घरी राहायचं तर आमच्या घरी ये, तुझ्या खोलीवर राहू नकोस.

आता गाव. या शहरात फिरायला पैसे फार लागत नाहीत, वेळ मात्र अचूक साधावी लागते. पहाटे विद्यापीठाचा परिसर आणि गोगाबाबा टेकडी. थंडीत तिथं अंधारातच माणसं चढायला लागतात, आणि वर पोचलं की खाली शहर हळूहळू उजळताना दिसतं. तिथून उतरल्यावर लोक सहसा घरी जातात. मी म्हणेन, तसंच पुढं औरंगाबाद लेण्यांकडे वळा.

या लेण्यांविषयी मला थोडं थांबून सांगायचं आहे, कारण याच शहरात जन्म गेलेली माणसंही ती पाहिलेली नसतात. वेरूळ आणि अजिंठा दोन्ही जवळ असल्यामुळे यांच्या वाट्याला कुणी येत नाही. बीबी का मकबऱ्यापासून दोनेक किलोमीटरवर डोंगराच्या कडेला ही १२ बौद्ध लेणी आहेत, बरीचशी सहाव्या-सातव्या शतकातली. पायऱ्या चढाव्या लागतात. तिसऱ्या लेण्यात गाभाऱ्यात बुद्धासमोर गुडघे टेकून, हात जोडून बसलेल्या भक्तांच्या माणसाएवढ्या मूर्ती आहेत. बायकाही आहेत त्यात, केशरचना आणि दागिन्यांसकट. आपण आत शिरतो तेव्हा ती मंडळी आपल्या आधीपासून तिथं बसलेली असतात, आणि आपणही आपोआप आवाज खाली आणतो. सातवं लेणं तिथून बरंच बाजूला, दुसऱ्या गटात आहे. त्यात आठ संकटांत सापडलेली माणसं अवलोकितेश्वराचा, म्हणजे संकटातून तारणाऱ्या बोधिसत्त्वाचा, धावा करताना कोरली आहेत: आग, हत्ती, सिंह, साप, बुडणारं जहाज. आणि आत नाचणारी स्त्री, भोवती वाद्यं वाजवणाऱ्या बायका. एवढ्याशा भिंतीवर एवढा ठेका आहे की मी दर वेळी तिथं अडकते. बाहेर आलं की समोर खाली मकबऱ्याचा घुमट आणि त्यामागे पसरलेलं सगळं शहर. रविवारी सकाळी आठ वाजताही तिथं निवांत बसायला मिळालं आहे मला. वेरूळला रविवारी असं होणार नाही.

मकबरा मात्र सकाळपेक्षा संध्याकाळी. औरंगजेबाचा मुलगा आझमशहा यानं आई दिलरास बानूसाठी तो बांधला, आणि खर्च ६,६८,२०३ रुपये झाल्याची नोंद आहे. ताजमहालाशी तुलना करून नाक मुरडणारे पुष्कळ भेटतात. मला ती तुलना पटत नाही. खाली कमरेएवढा संगमरवर, वर घुमटापर्यंत आपलाच काळा दगड चुन्यानं लिंपलेला. हा दख्खनचा दगड आहे आणि तो सांजेच्या उजेडात फार शोभतो. मागे डोंगर आहे, तो आग्र्याला नाही.

पाणचक्की लहान मुलांसाठी. डोंगराकडून जमिनीखालच्या खापरी नळांनी आणलेलं पाणी भिंतीवरून हौदात पडतं. त्या पाण्याच्या जोरावर जातं फिरायचं आणि दर्ग्यात येणाऱ्या फकीर-यात्रेकरूंसाठी पीठ दळलं जायचं. मुलांना चक्कीपेक्षा हौदातले मासे जास्त आवडतात. वडाच्या मोठ्या झाडाखाली आजी-आजोबांना बसवून ठेवता येतं, ही सोय शहरात दुसरीकडे कमी आहे.

रविवारी जाफर गेटचा आठवडी बाजार. तिथं पिशवी घेऊन जा, यादी घेऊन जाऊ नका. आणि संध्याकाळी गुलमंडी, औरंगपुरा, पैठण गेट. काही घ्यायचं नसलं तरी त्या गर्दीतून एक फेरी मारली की आठवडाभर कंपनीच्या शेडमध्ये काढलेल्या माणसाला बरं वाटतं, हे भाच्यावरून सांगते. तो आणि त्याचे मित्र मग शहागंजकडे नान-खलिया खायला जातात. मटणाचा पातळ, मसालेदार रस्सा आणि तंदूरमधली गरम नान. दिल्लीहून दौलताबादला राजधानी आणणाऱ्या तुघलकाच्या फौजेबरोबर हा पदार्थ आला, असं जुनी माणसं सांगतात. आम्ही शाकाहारी, आमची फेरी गरम इमरतीपाशी थांबते.

तिसरी वाट गावाबाहेरची. इथं आधी दौलताबाद की वेरूळ हे ठरवा. दोन्ही एका दिवसात उरकणारे असतात, आणि दोन्हींतलं काहीच लक्षात न राहिलेलेही तेच असतात. दौलताबाद १५ किलोमीटर. देवगिरीच्या यादवांची ती राजधानी. चांद मिनार, खंदक, अंधारी म्हणजे ती काळोखी भुयारी वाट, आणि शेकडो पायऱ्या. ज्याचे गुडघे चांगले त्यानं जावं, थंडीत किंवा पावसाची उघडीप बघून जावं. गुडघे दुखत असतील तर चांद मिनारापर्यंत जाऊन परतावं, त्यात कमीपणा काही नाही. खाली रस्त्याकडेला हंगामात पेरू आणि सीताफळं मिळतात, ती आणायला विसरू नका.

वेरूळ ३० किलोमीटर. दुचाकीवर जाऊन-येऊन लिटर-सव्वा लिटर पेट्रोल, तिकीट थोडकं, १५ वर्षांखालच्या मुलांना तेही नाही. लेणी ३४ आहेत आणि एका सकाळी सगळी बघायचा हट्ट धरू नये. मी तीनच सांगते. सोळावं कैलास, आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात वरून खाली कोरत आणलेलं. दक्षिण बाजूला कैलास हलवणारा रावण आहे, तो शोधा. मग दहावं, विश्वकर्मा, ज्याच्या छताला लाकडी वासे असावेत तशा दगडी फासळ्या आहेत. आणि उरलेली ताकद बत्तिसाव्या जैन लेण्यासाठी, ते लांब असल्यामुळे तिथं गर्दी विरळ होते. पाऊस चांगला झाला असेल तर एकोणतिसाव्याजवळचा धबधबा हे चौथं. रविवारी, त्यातून श्रावणातल्या रविवारी, घृष्णेश्वराची गर्दी आणि दौलताबादच्या घाटातली वाहनं धरून चाला. सातच्या आत घर सोडलं नाही तर घाटातच उन्हं येतात. ज्यांची साप्ताहिक सुट्टी रविवारी नसते त्यांनी एवढं लक्षात ठेवावं की वेरूळ मंगळवारी बंद असतं आणि अजिंठा सोमवारी.

खुलताबादच्या भद्रा मारुतीला श्रावणी शनिवारी पायी जाणारे शुक्रवारी रात्रीच निघतात. भाचा गेल्या श्रावणात गेला होता. निद्रिस्त मारुतीचं दर्शन, आणि रात्रभर रस्त्यात लोकांनी दिलेला चहा-फराळ, यातलं काय जास्त आवडलं ते त्याला सांगता आलं नाही. म्हैसमाळ पावसाळ्यात धुक्यात सुरेख दिसतं, उन्हाळ्यात जाऊन फारसं काही नाही.

आणि डिसेंबर ते फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत हुरडा आला की वरची सगळी तुलना बाजूला ठेवावी. कुणाच्या शेतातून बोलावणं आलं तर वेरूळ सोडून तिकडं जा. आगटीत भाजलेली कणसं, तळहातावर चोळलेला गरम दाणा, तिळाची चटणी, दही, गूळ, बोरं. लेणी पुढच्या महिन्यातही तिथंच असतात, हुरड्याची ज्वारी तोवर कडक होते.

आता निवाडा. लहान मुलं असतील तर सकाळी पाणचक्की, दुपारी घर. म्हातारी माणसं असतील तर घर, आणि संध्याकाळी फक्त मकबरा. नवीन जोडपं असेल तर औरंगाबाद लेणी, पहाटे. एकटं माणूस असेल तर बाहेर पडाच, आणि परतताना कुणाच्या तरी घरी जेवा.

दोन्ही दिवस मोकळे असतील तर माझा क्रम पक्का आहे: शनिवारी बाहेर, रविवारी घर. शनिवारी गर्दी कमी असते, आणि पाय दुखले तरी पुढे एक अख्खा दिवस असतो. रविवारी संध्याकाळी घाटातून थकून परतलेला माणूस सोमवारी पहिल्या पाळीला उभा राहतो, ते मला बघवत नाही. जाफर गेटचा बाजार तेवढा रविवारचा, तो सकाळी नऊच्या आत उरकता येतो.

या शनिवारी भाचा मित्रांबरोबर सातव्या लेण्यातली ती नाचणारी बाई बघायला जातोय. शुक्रवारी रात्री मुक्कामाला आमच्याकडेच येईल. सोबत न्यायला बारा धपाटे सांगितलेत त्यानं, मी अठरा करणार आहे.